भुताचे गाणे आणि ओढ

‘फिल्मफेअर’ने पार्श्वगायनासाठी पुरस्कार देण्यास १९५९ मध्ये प्रारंभ केला. तो पहिला पुरस्कार लता मंगेशकर यांना ‘मधुमती’ (१९५८) या चित्रपटातील ‘आजा रे परदेसी’ या गाण्यासाठी मिळाला. त्यांना मिळालेला दुसरा पुरस्कार ‘बीस साल बाद’ (१९६२) मधील ‘कहीं दीप जले कहीं दिल’ या गाण्यासाठी होता. ज्या गाण्यामुळे त्यांचे नाव प्रथम सर्वदूर पोचले ते गाणे ‘महल’ (१९४९) मधील ‘आएगा आनेवाला’. तिन्ही चित्रपट भयकथेच्या किंवा तिच्या अगदी शेजारच्या प्रदेशातले आहेत. तिन्ही गाणी नायकाच्या कानावर आधी पडतात आणि गाणारी स्त्री त्याला नंतर, अर्धवट किंवा संशयास्पद रीतीने दिसते. आपल्या काळातील सर्वांत मधुर मानला गेलेला आवाज भुताच्या वाटेने लोकांपर्यंत यावा, हा योगायोग आहे असे मानून पुढे जाता येईल. मला तसे जाता आलेले नाही.

भयपटांचा एक निष्ठावंत प्रेक्षक असतो. तो कथानके विसरतो, शेवट विसरतो, भुताचा मुखवटा कसा होता तेही विसरतो. त्याला गाणे मात्र आठवते. ‘वो कौन थी’ (१९६४) मधील खून कोणी आणि कशासाठी योजला हे सांगताना अडखळणारी माणसे ‘नैना बरसे’ची चाल विनासायास गुणगुणतात. भयपटाच्या चाहत्याला घाबरायचे असते, अशी आपली साधी समजूत आहे. मग त्याने जपून ठेवावी ती भीती ठेवायची सोडून तो विरहाचे गाणे जपून ठेवतो, याचा अर्थ काय लावायचा? मराठीत गूढकथेविषयी जी चर्चा झाली आहे ती नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांभोवती, म्हणजे मुद्रित संहितेभोवती फिरते. चित्रपटगीत हा प्रकार साहित्यसमीक्षेने बहुधा उंबऱ्याबाहेरच ठेवला, आणि त्यातही भुताचे गाणे म्हणजे उंबऱ्याबाहेरच्यांतलेही बाहेरचे. हा लेख त्या गाण्यासाठी आहे.

माझा या गाण्यांशी परिचय चित्रपटांमधून झाला नाही. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात उमापूर हे आमचे गाव. लहानपणी आम्हां मुलांना ही गाणी रेडिओवर ऐकू येत आणि त्यांचे चित्रपट पाहिलेले घरात कोणी नसे. तरीही ती ‘भुताची गाणी’ आहेत हे सर्वांना ठाऊक होते. दिवेलागणीच्या सुमारास ‘कहीं दीप जले’ लागले तर आजी रेडिओ बंद करायला लावी. तिला हिंदी कळत नव्हते. शब्द कळत नाहीत, कथा माहीत नाही, पडद्यावरची पांढरी साडी पाहिलेली नाही, आणि तरी गाणे नेमके ओळखलेले आहे. हा अनुभव मला आजही समीक्षकाच्या दृष्टीने मोलाचा वाटतो. भय जर प्रसंगातून किंवा प्रतिमेतून येत असेल, तर आजीपर्यंत ते कोणत्या वाटेने पोचले?

उत्तरासाठी ‘महल’पासून आरंभ करणे सोयीचे आहे. कमाल अमरोही यांचे दिग्दर्शन, ‘बॉम्बे टॉकीज’ची निर्मिती, खेमचंद प्रकाश यांचे संगीत, नक्शब यांचे शब्द. गाण्याच्या आरंभी तालाविना, सावकाश, निःश्वासासारखा येणारा एक दीर्घ भाग आहे. ताल त्यानंतर सुरू होतो. आवाज लांबून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी लताबाई ध्वनिक्षेपकापासून दूर उभ्या राहून गात गात पुढे आल्या, असे सांगितले जाते. तबकडी प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव होते ‘कामिनी’. कामिनी हे चित्रपटातील त्या गूढ स्त्रीचे नाव. पात्राचे नाव तबकडीवर छापण्याची रीत त्या काळात होती, हे खरे. परंतु येथे त्या रीतीचा परिणाम विलक्षण झाला. श्रोत्यांच्या हातात भुताने स्वतःच्या नावाने गायलेली तबकडी आली. खरी गायिका कोण, अशी विचारणा झाल्यावर लताबाईंचे नाव जाहीर करावे लागले.

चित्रपटाच्या शेवटी कळते की कामिनी नावाचे भूत नाहीच. ती माळ्याची मुलगी आहे, जिवंत आहे, आणि तिने हे सारे योजून केले आहे. ‘बीस साल बाद’ आणि ‘वो कौन थी’ यांचेही शेवट याच जातीचे: कारस्थान, वेषांतर, जुळ्या बहिणी. स्वातंत्र्योत्तर पहिल्या दोन दशकांतील हिंदी भयपट भुताला शेवटच्या रिळात विवेकाच्या स्वाधीन करून मोकळा होतो. यामागे काळाची विवेकनिष्ठा होती की सेन्सॉरची धास्ती की केवळ पाश्चात्त्य रहस्यकथेचे अनुकरण (‘बीस साल बाद’वर कॉनन डॉयलच्या ‘बास्करव्हिल’ची छाया उघड आहे), हा प्रश्न बाजूला ठेवू. माझा मुद्दा वेगळा आहे. उलगडा होतो तो कथेचा. गाण्याचा उलगडा होत नाही. माळ्याच्या मुलीने हे सोंग का घेतले ते आपल्याला सांगितले जाते. ती इतके व्याकूळ का गात होती, आणि ज्याला फसवायचे त्याच्यासाठी इतकी आर्त वाट पाहणारा स्वर तिने कोठून आणला, हे कोणी सांगत नाही. कारस्थान गाण्याला पुरत नाही. प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडतो तेव्हा भूत आतच राहिलेले असते आणि गाणे त्याच्याबरोबर घरी येते.

त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात अद्भुतकथेची जी व्याख्या केली ती आता आपल्या विद्यापीठांतून पुरेशी परिचित आहे. घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक, या विषयी वाचकाची द्विधा अवस्था टिकून असते तोवरच हा प्रकार जिवंत असतो. उलगडा झाला की तो एका बाजूच्या शेजाऱ्यात विलीन होतो, अतिनैसर्गिक स्वीकारले की दुसऱ्या बाजूच्या. या हिशेबाने ‘महल’ एका बाजूला जातो आणि ‘मधुमती’, जेथे शेवटी भूत खरेच येते, दुसऱ्या बाजूला. परंतु तोदोरोव आणखी एक गोष्ट सांगतात: काव्यात्म वाचन या द्विधेला मारक असते. कविता वाचताना आपण ‘हे खरेच घडले का’ असे विचारत नाही, म्हणून कवितेत हा प्रकार संभवत नाही. आपल्या चित्रपटांनी नेमके याच्या उलट करून दाखवले आहे. येथे द्विधा कथेत संपते आणि गीतात, म्हणजे कवितेतच, शिल्लक राहते. तोदोरोव यांच्यासमोर जे साहित्य होते त्यात भूत बोलत असे, कण्हत असे, साखळ्या वाजवीत असे. ते मुखडा आणि अंतरा असलेले गीत गात नसे. सिद्धान्ताचा दोष येथे दाखवायचा नाही. दुसऱ्या भूमीत उगवलेले माप आपल्या कापडावर ठेवले की किती कापड मापाबाहेर उरते, एवढेच पाहायचे आहे.

मिशेल शिआँ यांच्या १९८२ मधील विवेचनाचेही तसेच होते. ज्याचा देह दिसत नाही त्या आवाजाला पडद्यावर एक अमानुष सामर्थ्य येते आणि देह दिसताक्षणी ते सामर्थ्य ओसरते, असे त्यांचे म्हणणे. ‘महल’मध्ये झोपाळ्यावर बसलेली मधुबाला दिसते आणि सामर्थ्य तिळभरही ओसरत नाही. याचे कारण आपल्या पार्श्वगायनाच्या संकेतात आहे. दिसणारा देह या आवाजाचा नव्हे, हे आपल्याकडचा प्रेक्षक जाणूनच असतो. ‘नैना बरसे’चे चित्रीकरण करायची वेळ आली तेव्हा लताबाईंच्या आवाजातील मुद्रण तयार नसल्याने मदनमोहन यांच्या स्वतःच्या आवाजातील मुद्रणावर साधना यांनी ओठ हलवले, असा किस्सा सांगितला जातो. पुरुषाच्या आवाजावर ओठ हलवणारी, पुढे दुसऱ्याच एका स्त्रीचा आवाज लाभणारी, कथेत आहे की नाही हे न कळणारी स्त्री! भूतकथेला याहून योग्य वाहन कोणते असणार? थोडे धाडस करून म्हणावेसे वाटते, की आपल्या बोलपटातले प्रत्येकच गाणे काहीसे झपाटलेले असते. भयपट तेवढे ते कबूल करतो.

आपल्या रसविचाराकडे वळले तर अडचण वेगळी आहे. नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स या रसांसाठी धैवत स्वर सुचवला आहे. भरतांची जातिव्यवस्था आणि आजची रागव्यवस्था यांत फार अंतर पडले असल्याने त्या विधानाचा आज शब्दशः उपयोग नाही. पण भयासाठी काही विशिष्ट स्वरयोजना असावी ही अपेक्षा त्यातून दिसते. आपल्या संगीतकारांनी ती अपेक्षा मानली नाही. ‘मेरा साया’ (१९६६) चे शीर्षकगीत मदनमोहन यांनी नंद रागावर बांधले. नंद हा प्रसन्न, डौलदार राग. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाश्चात्त्य धर्तीवर थेट धाक घालणारी स्वररचना हवी होती तेव्हा शंकर-जयकिशन यांना ‘गुमनाम’ (१९६५) साठी हेन्री मॅन्सिनी यांच्या ‘शराड’कडे पाहावे लागले.

म्हणजे भुताचे गाणे शृंगाराचे, आणि तेही विप्रलंभ शृंगाराचे. आता शृंगार आणि भयानक हे परस्परविरोधी रस होत, असे विश्वनाथ ‘साहित्यदर्पणा’त सांगतो. त्याच्या कितीतरी आधी आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात विरोधी रस एकत्र कसे आणावेत याचे मार्ग दाखवले होते. एक मार्ग आश्रयभेदाचा: एक रस एका पात्राच्या ठायी, दुसरा दुसऱ्याच्या. दुसरा मार्ग मध्ये तिसरा रस घालण्याचा. ‘नागानंद’ नाटकात शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येतो, तसा. ‘आएगा आनेवाला’ हे या दोन्ही मार्गांचे उदाहरण म्हणून वर्गात शिकवता येईल इतके चोख आहे. शृंगाराचा आश्रय गाणारी, भयाचा आश्रय ऐकणारा, आणि दोहोंमध्ये रिकामा महाल, हलणारे झुंबर, घड्याळाचे ठोके यांचा अद्भुत. मात्र एका ठिकाणी हे उदाहरण शास्त्राच्या पुढे जाते. ऐकणाऱ्याच्या ठायी नुसते भय असते तर तो पळून गेला असता. अभिनवगुप्ताने भयानकासाठी घेतलेला ‘शाकुंतला’तील हरिण पळतो, मान वळवून मागे पाहतो, पण पळतो. ‘महल’मधला नायक आवाजाच्या दिशेने चालू लागतो. भय वाटते त्याच दिशेला जाणे, या क्रियेला आपल्या शास्त्रात नाव नाही. आपल्या बोलीत आहे: ओढ.

मराठी चित्रपटाने या ओढीचे काय केले? ‘मेरा साया’ हा मूळचा मराठी. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेला आणि राज खोसला यांनी तो हिंदीत नेला. ‘पाठलाग’मधील ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे गीत ग. दि. माडगूळकर यांचे, संगीत दत्ता डावजेकर यांचे, स्वर आशा भोसले यांचा. हिंदीत त्याच्या जागी राजा मेहदी अली खान यांचे गीत आले. दोन्ही गीतांचे कार्य एक: पत्नी नाही, पण तिचे असणे पतीच्या भोवती आहे. मात्र मराठी कवीने त्यासाठी निवडले डोळे, आणि डोळ्यांची केली पाखरे. हिंदी कवीने निवडली सावली. सावली मागे येते, तिला पाहावे लागत नाही, तिला स्वतःची नजरही नसते. पाखरे पाहतात. माडगूळकरांच्या प्रतिमेत मृत व्यक्ती पाहते आहे, देहातून सुटलेली तिची नजर हवेत फिरते आहे. ही कल्पना थांबून विचार केला तर अंगावर काटा आणणारी आहे. गीत इतके गोड आहे की तसा विचार कोणी करत नाही. लोकप्रियतेच्या दृष्टीने सावलीने पाखरांवर मात केली हे मान्य करूनही, भयाचे काव्य म्हणून मला मराठी गीत अधिक खोल वाटते.

‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या चित्रपटात सुधीर मोघे यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आहे. गंमत अशी की ‘बीस साल बाद’चे निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार या मराठी भयपटातही आहेत, पण येथे त्यांच्या वाट्याला ‘गोमू संगतीनं’ हे उघड्या उन्हातले प्रेमगीत आले आहे. आशाबाई त्यांच्यासोबत आहेत. चित्रपटाची रात्र इतर दोन गीतांत आहे. महेंद्र कपूर यांनी गायलेले ‘रात्रीस खेळ चाले’ आणि आशाबाईंनी गायलेले ‘काजळ रातीनं ओढून नेला’. पहिल्याचे शीर्षक २०१६ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेने घेतल्यामुळे ते नव्या पिढीलाही ठाऊक आहे. या दोन शीर्षकांतल्या दोन रात्री मी विद्यार्थ्यांना नेहमी शेजारी शेजारी ठेवायला सांगते. ‘रात्रीस’ मध्ये रात्र हा काळ आहे. खेळ दुसरा कोणी तरी मांडतो आणि तो रात्री मांडतो. ‘रातीनं’ मध्ये रात्र हाच कर्ता आहे. तृतीयेच्या एका प्रत्ययाने रात्रीला हात फुटले. शिवाय प्रयोग कर्मणी असल्याने ‘नेला’ हे क्रियापद पुल्लिंगी एकवचनी आले. कोणाला नेले हे नाम सांगण्याआधीच क्रियापदाचे लिंग सांगून टाकते की जो गेला तो पुरुष होता, एक होता. प्रमाण मराठीतली रात्र तत्त्वचिंतन करते, बोलीतली रात माणूस उचलून नेते. एकाच कवीने एकाच चित्रपटासाठी हे दोन्ही लिहावे, यात मोघ्यांचे भाषेचे भान दिसते.

परंतु ‘ओढून नेला’ या शब्दांचे आमच्या भागात आणखी एक काम होते, आणि ते कवीला अभिप्रेत असेल असे मी म्हणणार नाही. मराठी भयकथेचा भूगोल प्रामुख्याने कोकणचा आहे. दाट झाडी, पडका वाडा, पाऊस, घाटातले वळण. (धारपांची काही गावे आणि घरे सोडली तर आपल्या साहित्यातल्या भुतांना मराठवाड्यात बदली नको असते, असे वाटावे.) उमापूरचा परिसर असा नाही. काळी रानं, विरळ बाभळी, मैलभर नजर जाईल असे मोकळेपण. लपायला जागा नाही, तेथे भूत कोठे राहणार? ते पाण्यात राहते. विहिरीवर, बारवेवर, नदीच्या डोहाजवळ साती आसरा. त्यांची ठाणी म्हणजे शेंदूर फासलेले सात तांदळे. बायका त्यांची ओटी भरतात, नवस बोलतात; आणि विहिरीत कोणी बुडाले की म्हणतात, “आसरांनी वढला.” ढकलला असे म्हणत नाहीत, मारला असेही म्हणत नाहीत. ‘वढला’ या क्रियापदात आसरांची इच्छा आहे आणि बुडणाऱ्याचा काठाकडे गेलेला पायही आहे. माझ्या आजीच्या कानावर आशाबाईंचे ते गाणे पडे तेव्हा तिला कोणता चित्रपट आठवणार? तिला पाणी आठवत असणार. रात्री कोणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हा नियम आम्हां मुलांना ज्या घरात शिकवला गेला, त्याच घरात हिंदी न कळणारी ती ‘कहीं दीप जले’ ऐकून रेडिओ बंद करायला लावी. तिच्या लेखी ते गाणे नव्हते. ती हाक होती. लांबून येणारा, एकट्या बाईचा, कोणाला तरी बोलावणारा स्वर. हाक आहे हे ओळखायला भाषा लागत नाही.

आपल्या परंपरेत हे सगळे फार पूर्वी आणि फार धिटाईने सांगून झाले आहे. पैठण आमच्यापासून फार दूर नाही, आणि एकनाथांची भारुडे गावोगावच्या सप्ताहांत आजही होतात. त्यांच्या ‘भूत’ या भारुडात झपाटलेली बाई आहे, झडपण आहे, अंगारे-धुपारे आहेत, आणि भूत आहे विठ्ठल. तुकोबांनीही एका अभंगात पंढरीला असलेल्या मोठ्या भुताची वार्ता दिली आहे. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला झडपते आणि तिकडे गेलेला माघारी येत नाही. आपण ही रूपके म्हणून शिकवतो: भूत म्हणजे देव, झडप म्हणजे भक्ती, संपले. रूपक सोडवले की भीतीचा काटा मोडून जातो, आणि तोदोरोव रूपककथेविषयी जे म्हणतात ते येथे खरेच लागू पडते. पण सप्ताहात भारूड सादर होताना पाहावे. पुरुष भारूडकार लुगडे नेसून घुमू लागतो, संबळ चढत जातो, आणि पुढे बसलेल्या बायकांपैकी एखादीच्या अंगात खरेच येते. रूपक कोठे संपले आणि झडप कोठे सुरू झाली, हे त्या मांडवात कोणाला सांगता येत नाही. ओढणारे देवत्व आणि ओढणारे भूत यांना एकच क्रियापद पुरते, हे संतांना ठाऊक होते. भुताच्या गाण्यावर जीव टाकणारा आजचा प्रेक्षक या जाणिवेपासून फार लांब आहे असे मला वाटत नाही. त्याच्याकडे फक्त विठ्ठल हे नाव नाही.

यानंतरच्या भयपटाने गाण्याशी असलेले नाते बदलले. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ १९८४ मधला. मी तो काही वर्षांनी, गावात भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर, पाऊणशे माणसांच्या गर्दीत पाहिला. रामसेंच्या बहुतेक चित्रपटांत भूत गात नाही, गुरगुरते. गाणी तरुण जोडप्यांकडे जातात आणि ती चालू असताना प्रेक्षक विडी ओढायला उठतो. अपवाद आहेत. ‘पुराना मंदिर’मधील अजित सिंग यांचे ‘वो बीते दिन’ रामसेपटांचे चाहते अजून आळवतात. ‘वीराना’ (१९८८) मध्ये बप्पी लाहिरींनी मोहिनीच्या तोंडी दिलेले गीत सुमन कल्याणपूर यांनी गायले आहे, आणि त्या धसमुसळ्या चित्रपटात तेवढा वेळ १९४९ सालचा महाल परत उभा राहतो. मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. पडद्यावरची अभिरुची कितीही घसरली तरी भुरळ घालायची वेळ आली की त्याच जुन्या, सोज्वळ, घरंदाज स्वराकडे जावे लागले.

रामगोपाल वर्मा यांनी ‘भूत’ (२००३) मध्ये चित्रपटातून गाणीच काढून टाकली आणि समीक्षकांनी त्याचे स्वागत केले. भयाचा परिणाम त्यामुळे अधिक घट्ट झाला हे नाकारता येणार नाही. परंतु गाणे काढल्यावर भूत कोणाला बोलावीत नाही. ते नुसते अंगावर येते. दचकणे आणि ओढले जाणे हे दोन वेगळे अनुभव आहेत, आणि पहिल्याला आठवण नसते. ‘भूत’ पाहून आलेल्यांनी घरी काय आणले, हे मी अनेकांना विचारून पाहिले. दाराचा आवाज, लिफ्ट, एवढेच मिळाले. ‘तुंबाड’ (२०१८) यातून एक वेगळी वाट काढतो. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटावर धारपांच्या ‘आजी’ या कथेची छाया आहे, शीर्षक-गीत अजय-अतुल यांचे आहे; पण त्यातले खरे भुताचे गाणे कोणी गात नाही. भयंकर म्हातारीला झोपवण्यासाठी मुलाने हस्तरच्या नावाचा धाक घालायचा, आणि ती निमूट झोपायची. ही अंगाईच आहे, फक्त उलटी फिरवलेली: मूल गाते, म्हातारी झोपते. बागुलबुवाचे नाव घेऊन झोपवलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ती चाल, चाल नसतानाही, ओळखू येते.

हे सारे मी एम.ए.च्या वर्गात मांडत होते तेव्हा एका विद्यार्थिनीने हरकत घेतली. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर गावेच्या गावे रिकामी होतात, आणि शाळेच्या वयात तिनेही काही हंगाम कोपीवर काढले आहेत. साधारणीकरणाचा विचार चालू होता. भय स्थळकाळाच्या पाशांतून सुटले की ते रस होते, असे मी सांगत होते. ती म्हणाली, “मॅडम, आम्हांला अंधाराचं भ्या भुताचं नव्हतं. आई पहाटं गाडी भरायला जायची तेव्हा फडात कोण असंल, त्याचं होतं. ट्रॅक्टरवर गाणं लागलेलं असलं की बरं वाटायचं. गाणं बंद झालं की भ्या वाटायचं.” कोणते गाणे, असे मी विचारले. जुनीच असत, ती म्हणाली. ‘काजळ रातीनं’ सुद्धा असे. ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून तो मोठ्याने लावी.

माझ्या मांडणीला हा प्रश्न अवघड जाग्यावर लागतो. जे गाणे आजीच्या घरात बाहेरून आलेली हाक होते, ते फडात माणूस जागा असल्याची खूण होते. एकीकडे त्याच्यामुळे दार लावून घ्यायचे, दुसरीकडे त्याच्या आवाजाच्या टप्प्यात राहायचे. आश्रयभेदाचा नियम येथेही लावता येईल, पण तो आनंदवर्धनाला अभिप्रेत असलेला आश्रयभेद नव्हे. तो छप्पर असलेल्या आणि नसलेल्या श्रोत्यांतला भेद आहे. भीती रस होण्यासाठी आधी दाराला कडी असावी लागते, ही अट कोणत्याही ग्रंथात लिहिलेली मला आढळली नाही. आणि तरी फडातल्या त्या मुलीलाही गाणे आवडत होते, केवळ उपयोगी वाटत नव्हते, हे तिनेच नंतर सांगितले. पहाटे चारला उसाच्या मोळ्या ओढताना साजण ओढून नेणाऱ्या रात्रीचे गाणे आवडणे, याला विप्रलंभ म्हणायचे की भयानक, की दोहोंपैकी काहीच नाही?

ती आता याच विषयावर लघुप्रबंध लिहिते आहे. हंगामावरून परतलेल्या बायकांकडून कोपीवर आणि ट्रॅक्टरवर ऐकलेल्या गाण्यांची यादी तिने जमवायला घेतली आहे; तीत चित्रपटगीते आहेत, आसरांची गाणी आहेत, एकनाथांचे भारूडही आहे. आराखड्यात त्या सगळ्यांसाठी तिने एकच प्रकरण ठेवले असून त्याला ‘रातीची गाणी’ असे नाव दिले आहे. रसाचे नाव घातलेले नाही, आणि मीही तसा आग्रह धरलेला नाही.